तात्यांचा नेम आणि नवा टीव्ही

मंडळी, आज काय करावं तेच कळेना, म्हणून लिहितेय.

कन्हेरीला माहेरी आलेय. माळ्यावर आमचा जुना व्हिडिओ गेम सापडला, बंदुकीनं बदकं पाडायचा. त्यात माझ्या वडिलांचा, तात्यांचा, नेम कधी चुकायचा नाही. त्यांनी हौसेनं कॅसेटमध्ये फुंकर मारली, गेम नव्या टीव्हीला जोडला आणि बंदूक रोखली.

एकही बदक पडेना.

“नेम गेला गं माझा. हात बी थरथरतोय.”

“तात्या, ही बंदूक जुन्या डबा टीव्हीवरच चालती. ह्या सपाट टीव्हीवर न्हाय.”

“व्हय, काढ म्हाताऱ्याची समजूत,” म्हणत त्यांनी बंदूक खाली ठेवली.

बारामती-इंदापुरात कुणाकडं चालू डबा टीव्ही आहे का?

आणि त्यावरही बदक पडलं नाही, तर तात्यांना काय सांगू?