राहून गेलेले रोडगे

राज्यांची फेररचना झाली आणि आमच्या शाळेची सहल अडचणीत आली. सौंसरच्या मुलींच्या शाळेची सहल दरवर्षी नागपूरला जायची. मुली वाघ पाहायच्या, शिक्षिका लुगडी पाहायच्या, आणि सगळ्या खुश होऊन परतायच्या. आता नागपूर दुसऱ्या राज्यात गेलं आणि आम्ही मध्यप्रदेशात राहिलो. रस्ता तोच, बसही तीच, पण मोठ्या बाईंनी मनात घेतलं की सहल आपल्याच राज्यात निघाली पाहिजे. आपल्या राज्यात पाहायचं काय, हे मात्र कुणालाच सांगता येईना.

मी नुकतीच लग्न होऊन आले होते आणि तिसरीला शिकवत होते. मला गप्प बसणं कधीच जमलेलं नाही. "आमच्या मामाजींनी सत्याग्रह केला ती जागा पांढुर्ण्याच्या वरच्या डोंगरात आहे," मी म्हणाले. "झरा आहे, कडा आहे, मारुती आहे." मोठ्या बाई एकदम खुलल्या. देशभक्ती आणि निसर्ग एकाच लॉरीच्या भाड्यात!

मामाजी म्हणजे माझे सासरे. कापूस, संत्र्याची बाग, डोक्यावर खादीची टोपी आणि डाव्या भुवईच्या वर चांगला बोटभर लांब वण. पंधरा ऑगस्टला शाळेत भाषण त्यांचंच असे. समुद्रकाठच्या लोकांनी मीठ उचललं, आपल्याकडे समुद्र कुठला, म्हणून आपण सरकारी जंगलातलं गवत कापलं, असं ते सांगत. उत्साहाच्या भरात साऱ्यांनी कापली ती नेमकी तिखाडी. तिला असा उग्र वास येतो की जनावर तोंड लावत नाही. भारा घरी नेला असता तर बैलानंही मान फिरवली असती. मुली खो-खो हसत. मग मामाजी पोलिसांच्या लाठ्यांवर येत, त्यांचं बोट वणाकडे जाई, आणि सगळं पटांगण चिडीचूप होई. त्या वणामुळे गावात त्यांना फार मान होता.

घरात मात्र त्याच दिवसाचं एक भांडण मुरत पडलं होतं. मामाजी विळा घेऊन डोंगरात गेले तेव्हा मामींनी, माझ्या सासूबाईंनी, त्या झऱ्याकाठच्या मारुतीला नवस केला होता: माणूस सुखरूप घरी आला तर तुझ्या पायाशी रोडगे करीन. रोडगे म्हणजे जाड्याभरड्या कणकेचे गोळे, गोवऱ्यांच्या आरात भाजलेले. आमच्याकडे नवस फेडायचा तो असाच, देवाच्या दारात चूल मांडून. माणूस आला. पण नवसाचं नाव काढलं की तो माणूस ताटावरून उठे. "देवाचा काई संबंध नाई," एवढंच बोले. मामाजी तसे नास्तिक नव्हते, एकादशी करत. या एका नवसाचंच त्यांना काय वावडं, ते कुणाला कळत नसे.

बागेत फळगळ झाली, घरात कुणाला ताप आला, की मामी डोंगराच्या बाजूला पाहायच्या. मला एकदा चुलीपाशी म्हणाल्या, "मारुतीचा नवस हाय बाई माझ्या अंगावर. थो घेऊन मराचं नाई मले." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

म्हणून सहल ठरताच मी मोठ्या बाईंना सांगून टाकलं, मुलींचं जेवण आमच्या घरचं. मामाजींना सांगितलं, रानात सोपं पडतं म्हणून रोडगे. ते हूं म्हणाले. त्यांना आपल्या भाषणाची काळजी.

संत्री वाहणारी लॉरी ठरवली होती. तणसावर मुली, मुलींच्या मध्ये मामी, आणि मामींच्या मांडीखाली कणकेचा डबा. थंडीचे दिवस होते. पांढुर्णं मागे पडलं, सागाचं रान लागलं. शेवटचा चढ पायी. वर पोचलो आणि मुली कड्याच्या अलीकडेच उभ्या राहिल्या. खाली पसरलेली कपाशीची वावरं, मध्ये बागांचे हिरवे ठिपके. आपला मुलूख इतका देखणा आहे हे मलाही तेव्हाच कळलं. नागपूरच्या वाघाची कुणालाही आठवण झाली नाही.

मामाजींनी जागा दाखवली. इथून आम्ही चढलो, इथं झेंडा रोवला, तिथून पोलीस आले. मग एका मुलीनं विचारलं, "आजोबा, तुम्हाले लाठी कुठं लागली?" तिला कपाळ नको होतं, जागा हवी होती. मामाजींनी सागाकडे पाहिलं, नाल्याकडे पाहिलं. "तुम्ही आधी झरा पाहा," ते म्हणाले आणि तडक मारुतीपुढे मांडलेल्या आमच्या चुलीकडे आले.

वरणाचं पातेलं उतरवून मी गोवऱ्यांचा आर सारत होते. मामींनी भाजलेल्या रोडग्यांतले पाच वेगळे काढून पळसाच्या पानावर ठेवले होते आणि पदराच्या गाठीतला शेंदूर सोडत होत्या. मामाजींनी ते पाहिलं मात्र.

"हे पोरींचं जेवन हाय का नवस?"

"नवस हाय," मामी म्हणाल्या. हात थांबला नाही.

मला वाटलं, आता ते पान लाथेनं उडवणार. पण ते मटकन दगडावर बसले. मी तिथं आहे याचंही त्यांना भान नव्हतं.

"नको करू," ते म्हणाले. "देवानं नाई वाचवलं मले. लाठ्या पडाले लागल्या आन् म्या पळालो. बाकीच्याईनं मार खाल्ला, जेलात गेले. म्या त्या नाल्यात पडलो, तिथं कपाळ फुटलं. पळपुट्याच्या नावानं कायचा नवस फेडतं?"

मामींनी शेंदूर खाली ठेवला.

"मले काय सांगून राहिले? जखम कोनं धुतली होती? लाठीच्या जखमेत मुरूम असते का? मूठभर मुरूम काढला म्या, आन् तिखाडीची काडी. घरभर वास."

मामाजी त्यांच्याकडे बघतच राहिले. ज्या बाईपासून त्यांनी इतकी वर्षं तोंड लपवलं, तिला पहिल्या संध्याकाळपासून सगळं ठाऊक होतं. मला दोघांचीही इतकी माया आली की मी धुराचं निमित्त करून डोळे पुसले.

"मंग बोलली काऊन नाई?"

"काय बोलू? म्या देवाले जित्ता मानूस मांगतला होता, थो त्यानं देल्ला. शूर मांगतला असता तं फोटो आला असता भिंतीवर लावाले."

झऱ्याकडून मुलींचा कलकलाट येत होता. मामाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग पळसाच्या पानाकडे बोट करून दरडावल्यासारखे म्हणाले,

"वरन वाढ मंग त्याच्यावर. तूपई घाल. देवाले कोल्ला रोडगा देतं का?"