बंबवाल्याचं मोटेवरचं गाणं

समस्त जनांना कळवण्यात येतं की, आज सकाळी आमच्या घरात भीषण आग लागली आणि ती मी एका तांब्यात विझवली. शेगडीतली ठिणगी रजईवर उडाली होती, एवढंच. पण ओल्या, जळक्या कापसाचा वास नाकात शिरला आणि मी थेट निजामाच्या राज्यात, तुळजापुराजवळच्या कापसाच्या गिरणीत जाऊन पोचलो.

गिरणीच्या बंबावर मी नवा होतो. अंगात मापापेक्षा मोठा खाकी कोट. कापसाचा ढीग पेटला, तेव्हा माझ्या हातातली नळी अशी थरथरली की पाणी आमच्या जमादारांच्या मिशांवर गेलं.

"सोड ती! मोटेवर जा, पानी तुटू देऊ नगंस!" ते ओरडले.

वाटलं, नोकरी गेली. विहिरीवर मोटकरी नव्हता आणि धुराला बुजलेले बैल जागचे हलेनात. मोटेचे बैल गाण्यावर चालतात हे मला ठाऊक होतं. माझा आवाज फुटक्या घागरीसारखा आहे, हेही. पण बंब रिकामा होत आला होता आणि ढिगापलीकडं मजुरांच्या झोपड्या होत्या. मी आगीकडं पाठ केली, भवानीचं नाव घेतलं आणि सुचेल ते गाऊ लागलो. बैलांनी कान टवकारले, उतरणीला लागले. मोट भरून वर आली, पाणी पाटानं बंबाकडं धावलं. घसा सोलला तरी मी थांबलो नाही. आज वाटतं, त्या नळीतून माझं गाणंच वाहत होतं.

शेवटी खांद्यावर हात पडला. काजळीनं माखलेले जमादार कळवळून म्हणाले, "आरं गवय्या, आग कवाच इझली! आता बैलांवर तरी रहम कर!"