चंद्राक्कांनी सांभाळलेली बाटली

चंद्राक्का त्या बाटलीला उघड्या हाताने कधी शिवल्या नाहीत. हाताला पदर गुंडाळायचा, त्यातून बाटलीवर तळवा टेकायचा आणि डोळे मिटायचे. एवढ्यावर त्यांना कळायचं. "उनावलीय बाई," असं म्हणायच्या आणि भोवतालच्या वाळूवर तांब्याभर पाणी शिंपडायच्या. बाटली लाल वाइनची होती, आणि आक्का सांगलीतल्या कर्मठ जैन घरातल्या. त्यांच्याकडे कांदा-लसूण वर्ज्य, पाणी गाळून आणि उकळून प्यायचं, दिवस मावळला की तोंडात काही घालायचं नाही.

मी त्यांच्या माडीवर भाड्याने राहत होते. मुलींच्या शाळेत मास्तरीण, मराठ्याची, एकटी आणि तोंडाने फटकळ. लढाईचे दिवस होते. आक्कांची सून पद्मा पहिल्या बाळंतपणात मरता मरता वाचली. मूल गेलं. रक्त इतकं गेलं होतं की तीन आठवडे झाले तरी पोरगी उशीवरून मान उचलत नव्हती. डॉक्टरांनी औषधं दिली आणि जाता जाता म्हणाले, संध्याकाळी अर्धी वाटी लाल वाइन द्या, भूक लागेल.

आक्का दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी माडी चढून आल्या. "बाई, तुमचा भाऊ मिल्ट्रीत हाय न्हवं? एक बाटली मिळंल का बघा. पाप लागलं तर मला लागंल. पोरगी माझी हाय." सुनेला त्या कायम पोरगीच म्हणत.

भाऊ बेळगावला हवालदार होता. त्याने पलटणीच्या कँटीनमधून एक बाटली मिळवली आणि आक्कांच्या हवाली करताना बजावलं, "दुसरी मिळायची न्हाई, आक्का. उघडल्यावर उन्हाची झळ लागली तर आंबंल. गारव्याला ठेवा. पण देताना पार गार देऊ नगा. साहेब लोक तासभर आधी भाईर काढून ठेवत्यात."

चैत्र संपत आला होता, दुपारी फरशीवर पाय ठरत नव्हता. स्वयंपाकघरात ती वस्तू येणार नव्हतीच. आक्कांनी न्हाणीमागच्या सावलीत एक मडकं वाळूने भरलं, त्यात बाटली गळ्यापर्यंत पुरली आणि वरून ओलं फडकं गुंडाळलं. दिवसातून पाच-सहा वेळा हात लावून बघायच्या. दुपारची झोपसुद्धा सोडली त्यांनी. दिवस मावळायच्या आत पद्माला वाटी द्यायची म्हणून तासभर आधी बाटली बाहेर निघायची. "गार नगं, ऊन नगं. पोटात गेल्यालं कळाय नगं पोरीला," हे त्यांचं गणित. मी म्हणायचे, "आक्का, साहेबाचा खानसामा तुमच्यापुढे पाणी भरेल." त्या म्हणायच्या, "गप बसा. देव ऐकतोय."

आठवड्याभरात पद्मा भिंतीला टेकून बसली. "आत्ती, आंबील द्या वाईच," असं आपल्या तोंडाने सासूला म्हणाली. आक्का न्हाणीत जाऊन रडल्या. पण नवव्या दिवशी तिला ताप भरला आणि तो उतरेना.

अकराव्या दिवशी शाळा लवकर सुटली. मी मागच्या दाराने आले, तर आक्का तीन दगडांच्या चुलीपुढे बसलेल्या. चुलीवर पितळेची लहानशी पातेली, तिच्यात लाल वाइन खदखदत होती. मी तिथेच थांबले. आक्कांनी ती उतरवली, पांढऱ्या फडक्यातून गाळली आणि वाटी गार पाण्यात ठेवून निववायला लागल्या.

"हे काय करताय?"

"रोजच करत्ये की. आवं, पाण्यात जीव असत्यात, मग ह्यात किती असतील! तसंच कसं पोरीच्या पोटात घालू? तिच्या माथी कशाला हत्या?"

माझं डोकं फिरलं. पद्माच्या तापाने मी आधीच घाबरले होते, त्या भीतीचा राग झाला. मी म्हणाले, "उकळल्यावर त्यात राहिलं काय, आक्का? इतके दिवस पोरीला रंगाचं पाणी पाजलंत. मेली तर तुमच्या सोवळ्याने मेली म्हणा."

 आक्कांनी वाटी पाण्यातून काढून खाली ठेवली. त्या संध्याकाळी त्यांनी पद्माला वाइन तशीच, न उकळता दिली. 

तिसऱ्या दिवशी सकाळी पद्मा गेली.

मला राहवेना. मी डॉक्टरांकडे गेले, सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बाळंतज्वर आतून पसरला होता. वाइन भुकेपुरती होती हो. उकळली काय आणि न उकळली काय, पोरगी वाचली नसती." मी धावत घरी येऊन आक्कांना ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. त्या महिन्यापासून त्यांनी दूध सोडलं. पुढच्या वर्षी तूप, मग मीठ. मुलगा भूपाल हात जोडायचा, मी भांडायचे. "व्रत हाय," एवढंच म्हणायच्या.

त्यांच्यात भाद्रपदात पर्व संपलं की सगळे एकमेकांची क्षमा मागतात. पद्मा गेली त्या वर्षी आक्का माडी चढून आल्या आणि माझ्यापुढे हात जोडून उभ्या राहिल्या. "कळत-नकळत तुमचं मन दुखवलं असंल तर माफी करा, बाई." मी "अहो, काय हे," म्हणाले आणि त्यांना चहाला थांबवू लागले. त्या चहा पीत नाहीत, हेही विसरले. पुढे माझी साताऱ्याला बदली झाली. तिकडेही दर वर्षी भूपालच्या अक्षरात त्यांचं कार्ड यायचं, तेच शब्द. मी खुशाली कळवायची. माफीचं तेवढं एक वाक्य माझ्याच्याने कधी लिहवलं नाही. डॉक्टरांचं म्हणणं कानावर घातलं, म्हणजे माझं काम झालं, असं मी स्वतःला समजावलं होतं.

चौथ्या वर्षी त्यांनी अंथरूण धरल्याचं कळलं, तेव्हा सांगलीला गेले. चादरीखाली माणूस आहे की नाही, असं वाटावं इतक्या वाळल्या होत्या. ती आमची शेवटची भेट. मी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "आक्का, त्या दिवशी मी बोलले ते खोटं होतं. रागाने बोलले. मला माफ करा."



"तुमास्नी कवाच माफ केलंया, बाई," त्या म्हणाल्या. "पण तुमी बोललेलं जात न्हाई. त्याला काय करू, तेवढं सांगा."