साडेचार रुपयांचे चव्वेचाळीस मार्ग

रोहा–पेण एस.टी. गडबच्या थांब्यावर थांबली की दत्तारामकाका आधी मुलीला चढवायचे आणि मग कंडक्टरला बजावायचे, "घाई करू नका हां. पैसे आमची शेवंता देईल." गाडीतले लोक चिडायचे. शेवंता तिशीची होती, पण समज पाच वर्षांच्या मुलीएवढी. ती मांडीवर बटवा उपडा करून एकेक नाणे उचलू लागे.

मुलांनो, तुम्ही तिकडे परदेशात कार्ड टेकवून बसमध्ये चढता, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मी तेव्हा रोह्याहून पेणच्या शाळेत गणित शिकवायला जायचे. काका निवृत्त पोस्टमन, पत्नी वारलेली. शेवंता पेणला एका बाईंकडे पोह्याचे पापड लाटायची, तेही अगदी गोल. तिला सोडून काका दिवसभर पेणच्या स्टँडवर बसून राहत. त्यांना छातीचे दुखणे होते. शेवंताने एकटीने जायला-यायला शिकावे, एवढी एकच त्यांची इच्छा.

"बाई, मी गेल्यावर हिला गाडीत कोण बसवील?"

"रोजच्या पैशांची पुडी बांधून ठेवा की."

"आणि पुडी बांधणारा गेला की?"



दोन तिकिटांचे साडेतीन रुपये होत. काका विचारत, "आज आठाणे नायत गो. मग काय करशील?" शेवंता बराच वेळ नाण्यांकडे बघे. "दोन चाराणे?" "व्हय! एक रस्ता बंद झाला तर दुसऱ्यानं जायचं." मी हौसेने त्यांना तक्ता करून दिला. चाराणे, आठाणे, रुपया आणि दोन रुपये ही नाणी धरून साडेतीन रुपयांचे सव्वीस प्रकार होतात. काका हसले. "सव्वीस रस्ते? तिला चार सापडले तरी देव पावला."

चार सापडायला वर्ष लागले. आणि भाडे वाढले. शेवंता साडेतीनच देत राहिली. कंडक्टर ओरडला, "अहो, रोज रोज काय शाळा मांडलीय?" काका शांतपणे म्हणाले, "शाळाच हाय ही. नापास झालो, पुन्हा बसू." मी साडेचार रुपयांचा नवा तक्ता केला. चव्वेचाळीस प्रकार.

पुढच्या थंडीत एकदा बटव्यात आठाणे नव्हते. शेवंताने कुणाला न विचारता एक दोनाचे नाणे, दोन एकेक रुपयाची आणि दोन चाराणे काढून दिले. कंडक्टर म्हणाला, "बरोबर!" काका खिडकीकडे तोंड करून बसले. पेण आल्यावर मला एवढेच म्हणाले, "बाई, सुटलो."

महिन्याभरात ते गेले.

काकांचे दिवस झाल्यावर शेवंता थांब्यावर एकटी उभी दिसली. केस नीट विंचरलेले, बटवा हातात. माझ्या शेजारी बसून तिने नाणी मोजली. साडेचार, बिनचूक.

"एकटी ना गो तू? सव्वादोन झाले." कंडक्टरने उरलेली नाणी परत दिली.

तिने ती पुन्हा त्याच्या हातावर ठेवली. "चुकलं नाय. साडेचार."

"अगं, एकाच माणसाचं तिकीट—"

"चुकलं नाय!" ती रडू लागली. मागून कुणीतरी ओरडले, "द्या ना दोन, काय त्या येडीशी वाद घालताय?" कंडक्टरने दोन तिकिटे फाडली. तिने एक स्वतःकडे ठेवले आणि दुसरे धरून ती दाराकडे बघत राहिली.

पुढचे पंधरा दिवस मी तिला सव्वादोन शिकवायचा प्रयत्न केला. जमले नाही. रोज दोन तिकिटे परवडेनात. मग तिचा चुलता तिला मुंबईला घेऊन गेला. तिथे ती पापड लाटते की नाही, कुणाला ठाऊक नाही.

तो तक्ता माझ्याकडे परत आला. चव्वेचाळीस ओळींत एकही चूक नाही. वर माझ्याच अक्षरात मथळा आहे, 'दोन तिकिटे', आणि त्याखाली पट्टीने मारलेली सरळ रेघ.