मधली मोकळी जागा

बी.ए.ला असताना मास्तरांनी आम्हाला एका मठातली जुनी पोथी दाखवायला नेलं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि हे मी कुणी विचारायच्या आधीच सांगते. त्या दिवशी मात्र मी ते सांगायचंही विसरले. कित्येक शतकांपूर्वीचा कागद, वर काळीभोर अक्षरं, शब्दाला शब्द चिकटून. दोन्ही बाजूंना तांबड्या रेघा. आणि पानाच्या मधोमध चौकोनी कोरी जागा.

मास्तर म्हणाले, "आधी ताडपत्रं असायची. मधे भोक पाडून दोरीत ओवायची. कागद आला, दोरी गेली. पण लिहिणारे जागा सोडतच राहिले."

ते पान डोक्यातून गेलंच नाही. यंदा ते कापडावर उतरवायला घेतलं. कापड म्हणजे दादांचं, माझ्या वडिलांचं, धोतर. ते गेल्यावर मायनं एवढं एकच ठेवलं होतं. त्याला मधोमध भोक, ढोकीच्या साखर कारखान्यावर ऊस उतरवताना ट्रॉलीच्या आकड्यात अडकून पडलेलं. काळ्या दोऱ्यानं मी दादांनी पेरलेलं सगळं सलग लिहिलं, ज्वारीतूरकरडईहरभरा. भोकाभोवती जागा सोडली.

एक दिवस भूमच्या बाजारातून आले, तर भोकावर हिरवं ठिगळ! मायनं जन्मभर जुन्या कापडांच्या वाकळा शिवल्या. फाटकं दिसलं की तिचा हात राहतच नाही.

"माय, हे काय केलंस?"

"काय म्हंजे? एवढी शिकली आन् भोक ठिवून शिवती? लोक म्हनतील, घरात एक चिंधी घावली न्हाय."

"अगं, सगळं पान गेलं की!"

"कसलं पान? मला तर तुझ्या बापाचं धोतर दिसतंय."

मी मोबाईलवर पोथीचा फोटो दाखवला, मास्तरांचं म्हणणं सांगितलं. तिनं मोबाईल लांब धरला, जवळ धरला.

"आता दोरी न्हाय ना?"

"न्हाय."

"तरी जागा सोडत्यात?"

"व्हय."

तिनं मोबाईल माझ्या हातात दिला. मग ब्लेड घेऊन तिनं ठिगळाचा एकेक टाका उसवला. भोकाच्या कडेनं बारीक काजटाका घातला. "भोक वाढाय नगं," म्हणाली.

तिनं धोतर उजेडाला धरलं. भोकातून समोरचं रान दिसत होतं, करडई फुलावर आलेली. आम्ही दोघी बघतच राहिलो.