बाबांचा कदीम बांध

नात इंग्रजीचा धडा घोकत होती. "आजी, प्रायमॉर्डियल म्हणजे अगदी मुळापासूनचं, फार जुनं," ती म्हणाली, आणि मला चौथीच्या वर्गातला खडूचा वास आला.

गुरुजींनी मुलगे आणि मुली यांची चढाओढ लावली होती. 'जुनं' याला दुसरा शब्द सांगून वाक्यात वापरायचा. हरतील त्यांनी आठवडाभर वर्ग झाडायचा. मुलगे प्राचीन देऊळ, पुरातन मूर्ती सांगून बसले. आमच्यातली कुणी उठेना. मी तर हजेरीलाही जेमतेम तोंड उघडायची. शेजारची मुलगी कोपर मारून म्हणाली, "बोल गो, नायतर झाडू हाय हातात."

मी उठले. "कदीम. आमचा धरमतरच्या खाडीचा बांध कदीम हाय." बांधाला चिखल लावताना बाबा असंच म्हणायचे.

मुलगे हसले. "असा शब्दच नाय, गुरुजी."

"हाय," मी मोठ्यानं म्हटलं. "बांध बी हाय. या बघायला."

गुरुजींनी मान डोलावली आणि 'कदीम' फळ्यावर लिहिलं. "तुमचे शब्द पुस्तकातले, हा घरचा. मुली जिंकल्या," ते मुलग्यांना म्हणाले.

आठवडाभर मुलगे झाडत होते, आणि मी मुद्दाम लवकर जाऊन बघत बसायची. तेव्हा आनंद झाडू चुकल्याचा होता. आता डोळ्यांपुढे येतो तो फळा, बाबांचा शब्द गुरुजींच्या अक्षरात.

नातीला म्हटलं, "तुझ्या शब्दापुढं कदीम लिही."