पंपात उरलेलं औषध

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. म्हणूनच बहुधा बाबांनी माझं ऐकलं आणि हरसूलजवळच्या आमच्या स्ट्रॉबेरीवर त्या वर्षी फवारणी केली नाही. पानांचा रस शोषणाऱ्या लाल कोळ्यांना खाणारे दुसरे कोळी असतात, ते मी नाशिकहून बाटलीतून आणले होते. भुशात मिसळलेले ते बारीक जीव बाबांनी मीठ टाकावं तसे चिमटीने पानांवर टाकले.

"खरंच खातील ना गं? एवढ्या पिकावरच वर्ष काढायचंय," ते म्हणाले. मी हो म्हटलं.

पुढच्या शनिवारी घरी आले, तर शेजारच्या शेतातले काका बांधावर हात धूत होते. त्यांनी त्यांच्या रोपांवर फवारणी केली होती. आमच्या भागात उरलेलं औषध कुणी ओतून टाकत नाही. शेजाऱ्याच्या ओळींवर मारून पंप रिकामा करतात.

"लय उरलं व्हतं, तुमच्यावर मारून टाकलं," काका हसत म्हणाले. "बाईसाहेब, आता किडं पाळायची गरज नाय!"

मी भिंगातून पानं पाहिली. आम्ही सोडलेला एकही कोळी हलत नव्हता. लाल कोळी मात्र जाळ्यात आरामात फिरत होते, त्यांना त्या औषधाची केव्हाच सवय झाली होती. काकांना काय बोलणार? त्यांनी चांगुलपणानेच केलं होतं. बाबांनी त्यांना चहाला बोलावलं.

"आठ दिसांनी जरा कडक मारू," काका म्हणाले. बाबांनी मान हलवली. पुन्हा बाटली आणते, असं मला म्हणायचं होतं. पण बाबा माझ्याकडे बघत नव्हते.